पुराणिकसाहेबांच्या तोंडातलं मीठ

कान्होजी भोइटे परक्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे, आणि मुरैना-अंबाहच्या बाजूला ही गोष्ट गावोगाव ठाऊक होती. बरोबरच्या साहेबलोकांना जेवायला बसवायचं, आपण दाराशी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि यजमानाने कितीही आग्रह केला तरी आपला फिरकीचा तांब्या दाखवून मान हलवायची, ही त्याची सहा वर्षांची रीत. काही ठाकूर चिडायचे. या दक्षिण्याला इतका कसला माज, म्हणायचे. कान्होजीला माज होताच, तो काही नाकारत नसे. पण न खाण्याचं कारण वेगळं होतं. ज्याचं मीठ पोटात गेलं त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही, आणि कान्होजीचं घर तर त्या बंदुकीवरच चाललेलं.

मुंबईची एक तेल-साबणाची कंपनी दर मोसमात आपले अधिकारी मोहरीचं तेल पाहायला इकडे पाठवी. आमच्याकडे मोहरीला सरसोंच म्हणतात. ग्वाल्हेरच्या पडावावर, म्हणजे स्टेशनाजवळच्या पेठेत, उतरलेल्या कोटवाल्यांना मुरैन्याच्या पलीकडचा मुलूख म्हणजे तेलाची खाण वाटायची, आणि ते खोटंही नव्हतं. माघ-फाल्गुनात नजर जाईल तिथवर पिवळं शेत, गावोगाव घाण्या, आणि आता घाण्यांच्या जोडीला इंजिनावर धडधडणारी यंत्रं. पण त्याच मुलखात माती वाहून जाऊन झालेले भरके होते, मैलोन् मैल पसरलेले, दोन पुरुष खोल. भरक्यांत बागी होते. त्यांना दरोडेखोर म्हटलेलं तिकडे कुणाला आवडत नाही. कोटवाला माणूस एकटा सापडला की त्याची 'पकड' व्हायची, म्हणजे उचलून भरक्यात न्यायचा आणि घरचे काय देतात याची वाट पाहायची. काही घरांनी सगळं देऊनही माणूस परत आला नाही.

म्हणून कंपनीने कान्होजीला ठेवला. त्याची काम करायची तऱ्हा पाहून नवे साहेब आधी हसत. दुनाळी बंदूक घोड्याच्या जुन्या झुलीत गुंडाळलेली. बसायचा साहेबाच्या मागे, ड्रायव्हरशेजारी कधी नाही. परत कधी निघणार हे साहेबालाही सांगायचा नाही. गावात शिरताना जीप वेशीवर थांबवून आधी आपण पायी आत जायचा. साहेबाने बूट काढले की स्वतः उचलून टाचा घराकडे आणि टोकं दाराकडे करून ठेवायचा, पळायची वेळ आली तर तेवढाच एक क्षण वाचतो. आणि सगळ्यात कडक नियम असा, की साहेबाने त्या घरी दोन घास खायचेच. कांदा न खाणारे एक गुजराती साहेब होते, त्यांना त्याने नुसता गूळ आणि चिमूटभर मीठ खायला लावलं होतं.

कारण त्या मुलखाची रीत अशी, की ज्याच्या पोटात आपलं मीठ गेलं तो घरी पोचेपर्यंत त्याची राखण आपल्याकडे. त्याच्या केसाला धक्का लागला तर यजमानाची सात गावांत छी-थू होते, आणि बागीसुद्धा त्याच्या घरची भाकर खाणं सोडतात. मात्र यजमानाने तीनदा विचारलं आणि पाहुण्याने तीनदा नाही म्हटलं, की यजमान मोकळा. मग वेशीबाहेर काय होतं ते त्याने पाहिलंच पाहिजे असं नाही.

सहा मोसमांत कान्होजीने बावन्न साहेब नेले आणि बावन्न परत पडावावर आणून सोडले. हा आकडा त्याच्या ओठांवर असे, कारण घरात पत्र्याच्या पेटीत एक कागद होता आणि तो कागद काही वेगळंच म्हणत होता.

त्या कागदाची हकीकत अशी. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा कान्होजी त्याच्या रिसाल्यात होता. बापाने त्याला पंधराव्या वर्षी भरती केला आणि वय एकोणीस लिहून दिलं. सगळेच तसं करत. मग संस्थान गेलं, मध्य भारत झाला, फौजेची छाननी सुरू झाली. कुणाला हिंदुस्थानच्या फौजेत घ्यायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते ठरवायला एक समिती बसली. खास अंगरक्षणाच्या तुकडीला चाळीस वर्षांची अट होती. कान्होजी खरा सदतीस वर्षांचा, कागदावर एक्केचाळीस. तो आपली जन्मपत्रिका घेऊन समितीच्या हेडक्लार्ककडे गेला. हेडक्लार्क होते रमाकांत पुराणिक. चार पिढ्या दरबारच्या दप्तरात घालवलेलं घर, काळी टोपी, कोरलेलं अक्षर आणि कपाळावर कायमची आठी.

"पत्रिकेवर सरकार चालत नाही, भोइटे," पुराणिकसाहेब म्हणाले. "वय तुम्हीच लिहून दिलंय, आणि एकदा कागदावर गेलेलं बदलत नाही. खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

या सवालाचं उत्तर कान्होजी सहा वर्षांनीही शोधत होता. त्याच महिन्यात पुराणिकांच्या ओळखीतल्या दोघांची वयं गुपचूप दुरुस्त झाली, असं साऱ्या रिसाल्यात बोललं जाई. खरं-खोटं देव जाणे, पण कान्होजीने ते खरं धरलं आणि मनात जपून ठेवलं. त्याला मिळालेल्या कागदावर त्याच सुंदर अक्षरात एक ओळ होती: 'अंगरक्षणाच्या कामास अपात्र.'

पुढे छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्य भारतही मोडला, नवा मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्या उठून भोपाळला चालल्या. ट्रक भरभरून दप्तरं गेली. दप्तरांबरोबर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली कितीतरी मराठी घरं गेली. पुराणिकसाहेबांच्या पत्नी विमलताईंनी सामान बांधून ठेवलं होतं, ते त्यांना पुन्हा मांडावं लागलं, कारण साहेबांनी ऐन वेळी राजीनामा दिला. "मी लष्कर सोडून त्या तलावाकाठी मरायला जाणार नाही," एवढंच कारण. दोन महिन्यांत त्यांना नवी नोकरी लागली. कंपनीचे तेल-तपासनीस. यापुढे गावोगाव जाऊन माल पास करायचा की परत करायचा, हे त्यांच्या हाती.

पडावावर कंपनीची कचेरी होती, तिथले व्यवस्थापक मुकुंदराव. त्यांनी कान्होजीला बोलावून सांगितलं, "उद्या अंबाहकडे जायचंय. पुराणिकसाहेब येऊन राहिले आहेत."

कान्होजी घरी आला तो तोंड कडू करून. नया बाजारामागच्या दोन खोल्यांत विजयाबाई, त्याची बायको, कणीक मळत होती. तिने ऐकलं आणि हात थांबवले.

"अहो, तुम्ही खामखा कशाला जाऊन राहिले? मुकुंदरावांना सांगून द्या, तबीयत ठीक नाही."

"नाही म्हटलं तर त्याचा कागद खरा झाला न," कान्होजी म्हणाला. "उद्या त्याला नेला आणि परत नाही आणला, तरी खराच. त्याला धड परत आणला तरच खोटा."

"आणि आणून काय, हार घालणार आहेत तुम्हाला?"

मनातलं सांगायचं तर, कान्होजीला एक विचार येऊन गेला होता. भरक्यात या माणसाची पकड झाली, चार दिवस दोरीने बांधून ठेवला, तर पुराणिकांना कळेल अंगरक्षण म्हणजे काय. विचार गोड होता. त्याने तो पुरता चघळला आणि मग बंदूक साफ करायला बसला.

सकाळी जीप निघाली. ड्रायव्हर मुन्ने खाँ, जुना माणूस. पुराणिकसाहेब कोट-टोपीत, मांडीवर लाकडी पेटी, पेटीत काचेच्या नळ्या आणि तेजाबाची बाटली. त्यांनी कान्होजीला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं समोर पाहिलं. मुरैना मागे पडल्यावर कान्होजीने मागून तोंड उघडलं.

"साहेब, एक बात सांगायची होती. जंडेलसिंह ठाकूरच्या घरी ताट येईल. दोन घास खाऊन घ्या. नाहीच जमलं तर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवा. बस."

"मी तेल तपासायला चाललोय, भोइटे. जेवायला नाही."

"त्या लोकांची रीत आहे. मीठ खाल्लेल्या पाहुण्याला—"

"रीत मला शिकवू नका. ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध लेखणी चालवायची नाही, हे आम्हाला घरातून शिकवलेलं आहे. त्याचा माल वाईट निघाला तर मला परत करायचाय. मग त्याचं मीठ कसं खाऊ?"

हेच तर कान्होजी स्वतः करत होता. बंदूक मोकळी राहावी म्हणून तो खात नव्हता, लेखणी मोकळी राहावी म्हणून हा खात नव्हता. ज्याचा राग राग करावा त्याच्या तोंडून आपलंच बोलणं ऐकू यावं, याचा त्याला आणखीच राग आला. पण दरबारातल्या माणसांना ही रीत अर्धीच माहीत असते. तिथे मीठ खाणारा बांधला जातो. भरक्यांच्या मुलखात मीठ वाढणाराही बांधला जातो, आणि उरलेली ही अर्धी रीत ऐकायला पुराणिकसाहेब तयार नव्हते.

"त्यांच्याकडे उलटं पण आहे, साहेब. आपण खाल्लं की तो ठाकूर—"

"पुरे."

मुन्ने खाँने आरशातून कान्होजीकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

गावाला जायचा रस्ता शेवटचा दीड कोस भरक्यातून होता. दोन्हीकडे मातीच्या भिंती, वर आभाळाची पट्टी. कान्होजीने वळणं मोजली. वेशीवर जीप थांबवून तो आधी पायी आत गेला. जंडेलसिंह तोमरचं अंगण मोठं होतं. एका बाजूला तेलाचे डबे रचलेले, दुसऱ्या बाजूला खाटा, खाटांवर वीस-पंचवीस माणसं. जंडेलसिंह साठीचा, पांढऱ्या मिशांचा, आवाज न चढवणारा. त्याचे तीन पुतणे एका खाटेवर बंदुका मांडीवर घेऊन बसले होते. कान्होजीने त्या तिघांचे चेहरे नीट पाहून ठेवले आणि मग साहेबांना आणलं. बूट काढले, ते उचलून दाराकडे टोकं करून ठेवले.

पुराणिकसाहेबांनी पाणीही घेतलं नाही. थेट डब्यांपाशी गेले, एका नळीत तेल घेतलं, वरून तेजाब ओतलं, नळी हलवली आणि उजेडात धरली. तळाशी तांबूस रंग उतरला. दुसरा डबा, तिसरा डबा, तोच रंग. मग ते वळले आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा खणखणीत हिंदीत म्हणाले, "इसमें सत्यानाशी है। यह तेल जो खाएगा, उसके पाँव सूजेंगे और वह मरेगा। सारा माल वापस।"

सत्यानाशी म्हणजे पिवळा धोत्रा. त्याचं बी सरसोंसारखंच दिसतं, आणि कुणी चुकून मिसळतं, कुणी मुद्दाम. साहेबांचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं, हे कान्होजीही मान्य करील. पण हेच चार पावलं बाजूला नेऊन कानात सांगता आलं असतं. वीस-पंचवीस माणसांपुढे ठाकुराच्या तोंडावर, त्याच्याच अंगणात! दप्तरातला माणूस, त्याला एवढंही कळू नये? कान्होजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

जंडेलसिंहाने हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. कान्होजीने खाटेकडे पाहिलं. तिथे आता पुतणे नव्हते. चादर चुरगळलेली होती, आणि मागच्या दाराचा पडदा अजून हलत होता. परतीचा रस्ता तोच, दीड कोस भरक्याचा, आणि कान्होजीकडे एक दुनाळी.

"साब, रोटी जीम लो," जंडेलसिंह म्हणाला.

"नहीं। देर हो रही है।"

"दूर से आए हो। जीम लो।"

"कहा न, नहीं।"

"साहेब," कान्होजी मराठीत दबक्या आवाजात म्हणाला, "तिघे मागून निघून गेले आहेत, बंदुका घेऊन. तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा हो म्हणा. नुसतं मीठ चाटा."

"तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्ही खा," पुराणिकसाहेब म्हणाले, आणि नळ्या पुसून पेटीत लावू लागले.

आतून ताट आलं. जाड रोट्या, वांग्याची भाजी, कडेला मिठाचा ढीग. जंडेलसिंहाने ते दुसऱ्या कुणाला आणू दिलं नाही, स्वतः उठून दोन्ही हातांत घेतलं आणि साहेबांपुढे धरलं. खाटांवर कुणी खोकेनासुद्धा.

"तीसरी बार कह रहे हैं, साब। फिर कोई यह न कहे कि जंडेलसिंह ने पूछा नहीं था।"

पुराणिकसाहेबांनी हाताच्या मागच्या बाजूने ताट हलकेच दूर सारलं आणि तोंड उघडलं, तिसरा नकार द्यायला.

एक क्षण कान्होजी जागचा हलला नाही. म्हणू दे नाही. त्याच्या तोंडानेच म्हणू दे. साक्षीला अख्खं अंगण आहे, मुन्ने खाँ आहे, कुणी आपल्याला बोट लावणार नाही. हा मेला तर हे जग काही ओस पडणार नाही. पण मग त्याला पेटीतला कागद दिसला, त्यावरची ती कोरीव ओळ दिसली. या माणसाने आयुष्यभर लिहिलेलं सगळं खरं ठरत आलं असणार. एवढं एक ठरता कामा नये.

त्याने बंदूक भिंतीला टेकवली. सहा वर्षांत परक्या अंगणात ती त्याच्या हातून पहिल्यांदा सुटली. उजव्या हाताने ताटातलं मीठ चिमटीत घेतलं, डावा हात पुराणिकसाहेबांच्या मानेमागून घातला आणि घोड्याला औषधाची गोळी देतात तसं केलं. घोड्याच्या तोंडात कोपऱ्याला दात नसतात, तिथे अंगठा घातला की जबडा आपोआप उघडतो. माणसाला तिथे दात असतात. पुराणिकसाहेबांनी कडकडून चावलं. कान्होजीने मीठ आत टाकलं, खालून जबडा मिटवला आणि तसाच दाबून धरला. साहेबांची टोपी पडली. डोळे बाहेर आले. त्यांचे पाय अंगणात घासत होते आणि घशातून कसलेसे आवाज येत होते. कान्होजी त्यांच्या गळ्याकडे बघत उभा राहिला, आणि घाटी एकदा वर-खाली झाल्यावरच त्याने सोडलं.

साहेबांचा ओठ फुटला होता. कान्होजीचा अंगठाही.

"ठाकुर साहब," कान्होजी म्हणाला, "नमक पेट में गया। अब ये आपके मेहमान हैं।"

जंडेलसिंह अजून ताट धरून उभा होता. त्याने एकदा कान्होजीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. "ज़बरदस्ती का नमक भी कोई नमक होता है?"

"पेट को क्या पता, ठाकुर?"

मग म्हाताऱ्याने ताट खाली ठेवलं, अंगणात थुंकला आणि मागच्या दाराकडे न बघता म्हणाला, "बुला लो उन्हें।"

थोड्या वेळाने तिघे पुतणे मागून आले. धोतरं गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली. जंडेलसिंहाने त्यातल्या थोरल्याला जीपच्या पुढे बसायला सांगितलं, मुरैन्याच्या पक्क्या सडकेपर्यंत. तो बसलेला दिसला की भरक्यात कुणी हात उचलणार नाही. कान्होजी साहेबांचे बूट घेऊन वाकला तेव्हा म्हातारा त्याच्या कानाशी आला.

"इस आदमी को अपनी बंदूक के साए में फिर मत लाना। और सुन, मेरे आँगन में मेरे मेहमान पर हाथ डाला है तूने। अबकी आया तो तू भी खाकर जाएगा, नहीं तो जाएगा ही नहीं।"

"जी," कान्होजी म्हणाला.

पक्क्या सडकेवर पुतण्या उतरून गेला. पुराणिकसाहेब ओठावर रुमाल धरून बसले होते. वाटेवरचं बानमोर गाव आलं. मग ते समोर पाहतच म्हणाले, "माल मी परतच केला आहे."

"करा."

"मीठ खाऊन परत केला. चार पिढ्यांत आमच्या घरात कुणी असं केलं नव्हतं. तुमच्यामुळे झालं."

"तुम्ही जिवंत परत चालला आहात, तेही माझ्यामुळे."

"त्याला पुरावा काय?" पुराणिकसाहेबांनी रुमाल काढून रक्त पाहिलं आणि घडी घातली. "ते तिघे शिकारीला गेलेले असतील."

कान्होजीला वाटलं, जीप थांबवावी आणि याला इथेच उतरवून द्यावं, पेटीसकट, टोपीसकट. त्याने दात आवळले. ग्वाल्हेर समोर दिसत होतं, किल्ल्याची भिंत उन्हात पिवळी पडली होती. पडावावर साहेब उतरले, पेटी घेतली आणि मागे न पाहता टांग्यात बसले. त्रेपन्न, कान्होजीने मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी त्याला बोलावून कागद दिला. देताना त्यांची नजर टेबलावर होती. "माझ्या हातात काही नाही, भोइटे. त्यांनी मुंबईला थेट लिहून दिलं." कागदावर टाइप केलेला मजकूर होता, नोकरीवरून कमी केल्याचा, आणि सोबत पुराणिकसाहेबांच्या हातची तक्रार जोडलेली होती. शेवटची ओळ वाचायला कान्होजीला चष्मा लागला नाही. 'अधिकाऱ्याच्या अंगावर हात टाकला. अंगरक्षणाच्या कामास अपात्र.' अक्षर तेच, तितकंच सुंदर.

विजयाबाईने हा कागद पहिल्या कागदावर ठेवला आणि पेटी बंद केली.

टोपी बाजारात एका कापडवाल्याच्या दुकानाबाहेर त्याला स्टूल मिळालं. बंदूक मांडीवर घेऊन दिवसभर बसायचं, मोठं गिऱ्हाईक आलं की उठून सलाम करायचा. दुकानदार चेष्टेत त्याला जनरलसाहेब म्हणे. पुराणिकसाहेब रोज त्याच गल्लीतून जात. दुकान जवळ आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात. कान्होजी त्यांना पाहून पचकन थुंकत असे. वर्षभर दोघांनी हा नेम पाळला.

पुढच्या मोसमात मुन्ने खाँ एका दुपारी दुकानापाशी आला. स्टुलाजवळ उकिडवा बसला, बिडी पेटवली.

"काल गेलो होतो, भोइटेजी. जंडेलसिंहके यहाँ. पुराणिकसाहेब होते."

"कुणी नेलं?"

"दोन नवे ठेवले आहेत कंपनीने. रायफल, मिशा, सब कुछ. पुढे बसून गाणी म्हणत होते." मुन्ने खाँ मराठी शिकला होता आमच्याच लोकांत राहून, पण जोरात आला की हिंदीवर घसरायचा. "ते सोडा. जीप ठीक से रुकी भी नहीं थी. साहब उतरे, बूट उतारे, अपने हाथ से घुमाकर रखे, मुँह दरवाज़े की तरफ़. और ठाकुर से बोले, पहले नमक लाओ."

कान्होजीने मान वळवली.

"ठाकुर का मुँह देखना था! नमक आलं. साहेबांनी हातावर घेतलं, सगळ्यांसमोर चाटलं. फिर पानी पिया. मग पेटी उघडली, नळी हलवली, आणि..." मुन्ने खाँ हसू लागला. "माल फिर वापस! सारा! पण या वेळी कानात सांगितलं. ठाकुर खुद सड़क तक छोड़ने आया. गाली देत देत आला, मगर आया."

संध्याकाळी पुराणिकसाहेब गल्लीत आले. ते रस्ता ओलांडू लागले तेव्हा कान्होजी स्टुलावरून उठला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. वर्षभराने दोघे समोरासमोर आले होते. साहेबांच्या ओठावर एक बारीक पांढरी रेघ राहिली होती.

"बूट पण फिरवून ठेवले म्हणे," कान्होजी म्हणाला.

पुराणिकसाहेबांनी नजर दुकानाच्या पाटीकडे वळवली.

"मग लिहून का नाही देत? एक ओळ. की हा माणूस पात्र होता."

साहेबांनी टोपी नीट केली. क्षणभर असं वाटलं की ते काहीतरी म्हणतील. मग कपाळाची आठी जागेवर आली. "एकदा कागदावर गेलेलं बदलत नाही, भोइटे. ते तुम्हाला मी पूर्वीच सांगितलं होतं." आणि ते गेले, या खेपेला रस्ता न ओलांडता, दुकानासमोरूनच. थुंकायचं कान्होजीच्या लक्षात राहिलं नाही.

घरी आल्यावर त्याने बंदूक खुंटीला लावली, पाय धुतले आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोला म्हणाला, "चौपन्न झाले."

"काय चौपन्न?" विजयाबाई म्हणाली. "तुम्ही तर दुकानावर होता."

"मी नव्हतो. मीठ गेलं होतं न."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ताट वाढलं, आणि मीठ वाढायला तिचा हात जरा जास्तच गेला.